मी भाषांतर केलं नाही

तीन वर्षं मी कतारमध्ये, दोह्यातल्या एका विद्यापीठात एका कृष्णवर्णीय अमेरिकन प्राध्यापिकेची असिस्टंट होते. बाई साठीच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांची आई गोऱ्यांच्या घरी कपड्यांना इस्त्री करायची. परक्यांची घरं चालवणाऱ्या अशाच काळ्या बायकांवर बाईंनी आयुष्यभर लिहिलं. इथल्या आफ्रिकन मोलकरणींच्या त्यांनी घेतलेल्या मुलाखती मी टाइप करायचे. ते करून मी बदलले, असं मला वाटायचं.

त्याच भरात मी त्यांना आमच्या मराठी बायकांच्या वाचन गटात नेलं. अल गराफातल्या एका व्हिलात आम्ही महिन्यातून एकदा जमायचो. व्हिला ज्यांचा, त्या पुण्याच्या. वयाने थोरल्या, म्हणून सगळ्यांच्या वहिनी.

बाई अर्धा तास बोलल्या. घरकामाला प्रेम म्हटलं की त्याचा पगार द्यावा लागत नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहा आला. चेहऱ्यावरचं गोड हसू जराही न हलवता वहिनी मला मराठीत म्हणाल्या, "हुशार आहे हं बाई. पण रंग बघ. लाइट गेले तर टॉर्च घेऊन शोधावी लागेल."

शेजारची बाईंच्या केसांवरून काहीतरी बोलली. वहिनींनी आत मोलकरणीला हिंदीतून सांगितलं, की यांचा कप बाकीच्यांत मिसळू नकोस. सगळ्या हसल्या. मीही हसले. बाई माझ्याकडेच बघत होत्या.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, काय चाललं होतं. तुमचं कौतुक करत होत्या, असं मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आईच्या मालकिणी तिच्यासमोर फ्रेंचमध्ये बोलायच्या. आईला फ्रेंच येत नव्हतं. कळायचं मात्र सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन मी बाईंना सगळं सांगितलं, कपाचंसुद्धा. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि प्रत्येक वाक्य अर्थासकट लिहून द्यायला सांगितलं. इतकी वर्षं मी त्या बैठकीला माझं माहेर म्हणायचे. तीच वाक्यं स्वतःच्या अक्षरात वाचताना मला किळस आली.

पुढच्या महिन्यात बाईंचं जाहीर व्याख्यान झालं. वहिनी रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत. बाईंनी कोणाचं नाव न घेता ती वाक्यं वाचून दाखवली. वहिनी ढिम्म बसून राहिल्या. नंतर पार्किंगमध्ये त्यांनी मला गाठलं.

"आपल्या घरातलं बोलणं तू बाहेर नेलंस. लाज नाही वाटली?"

आपण काय बोललो होतो, याबद्दल त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. मी म्हटलं, "वाटते वहिनी. तेव्हा हसले त्याची." संध्याकाळपर्यंत मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं होतं. त्यातल्या एकीचाही नंतर फोन आला नाही.

बाई पुढच्या वर्षी मायदेशी परतल्या. पुस्तक आलं. त्यात माझ्यावर दोनच ओळी आहेत: ती त्यांच्यासोबत हसली, गाडीत खोटं बोलली, सकाळी खरं सांगितलं. मला माफ केल्याचा शब्द मी दोनदा शोधला. नव्हता.

माझ्या मुलीने ते पान वाचून इंग्रजीत विचारलं, की ही तू आहेस का. मी मराठीत हो म्हटलं. ती पुस्तक घेऊन तिच्या खोलीत गेली.