मार्थाची नणंद

आमच्या आईची, म्हणजे कोकिळाबाईंची, कादंबरी अमेरिकेत घडते. आई स्वतः चिखलीच्या पुढं गेली ती फार तर पुण्यापर्यंत, तेही प्रकाशकाला भेटायला. पण शंभर वर्षांपूर्वी मिसिसिपीतली बाई कापूस वेचताना कमरेला झोळी कशी बांधायची, हे ती असं सांगते, जणू आत्ताच शेजारच्या वावरातून आली.

"इथलंच लिही ना," मी म्हणायचे.

"इथलं लिहिलं की लोक विचारतात, ही मीच का? मार्था विचारायला येत नाही."

मार्था म्हणजे आमची वच्छलामामी, मोठ्या मामाची बायको, हे मात्र सगळ्या घराला माहीत होतं. "बीटी हाय भाऊ, अळी शिवतच नाही," असं दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलेल्या कपाशीच्या वाणात गुलाबी बोंडअळी निघाली. मोठ्या मामानं तोंडाला काही न बांधता दिवसभर फवारा मारला. दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. तेरवी झाली अन् पुंजाजीआजोबा म्हणाले, वावर माझं, आता कारभारी वाहील. कारभारी म्हणजे धाकटा मामा.

खरं तर आजोबांनी दोघा भावांची तोंडी वाटणी कधीच केली होती. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, स्वतः दगड रोवले होते. आजोबा अन् कारभारीमामा सोडले तर तेव्हा हजर असलेलं, आज जिवंत असलेलं माणूस एकच : आई.

चिखलीच्या वाचनालयात आईनं कादंबरीतलं एक प्रकरण वाचलं. विधवा मार्थाला सासरा जमिनीवरून हाकलतो, अन् भर कोर्टात तिची नणंद उभी राहते. आईनं आवाज असा खाली आणला की पंखा ऐकू यायला लागला : "ही जमीन माझ्या भावाची आहे. मी स्वतः पाहिलं आहे!" टाळ्या पडल्या. जीपनं आलेली मामी पदर डोळ्याला लावून पुढं आली.

"कोकिळाबाई, रविवारी बैठक हाय. बस, येवढंच बोला."

"बोलेन गं."

रविवारी आजोबांच्या ओसरीवर चार पंच बसले. कारभारीमामाच्या मांडीवर नव्या साडीचा बॉक्स होता.

"बोल कोकिळा," आजोबा म्हणाले. "केली होती का म्या वाटणी?"

"बोल ताई," मामा म्हणाला. "माहेर तुहंच हाय."

आई वाचनालयातल्यासारखी खाकरली. "बाबा, मला तसं नीटसं आठवत नाही."

नीटसं! घरी आम्ही 'ध्यानात नाही' म्हणतो.

मामी तिच्याकडं वळली. "तिकडची नणंद तं बोलली, बाई. तुमीच बोलतं केलं तिले."

"ती कादंबरी आहे, वच्छला."

"मंग मलेबी तिथंच ठेवाचं होतं."

मामीनं आत जाऊन लुगडी गाठोड्यात बांधली अन् जळगाव जामोदला माहेरी जायला फाट्याची वाट धरली. तिला थांबा म्हणायला कोणी उठलं नाही.

"वावर फुटून पांढरं झालं," कारभारीमामाला आता सुचलं. "वेचन कोन? बाया भेटून नाही राह्यल्या."

"कोकिळाच्या पुस्तकात लय बाया हायेत म्हंतेत," आजोबा म्हणाले.

पंच हसले. आईही हसली, अन् साडी पिशवीत घातली.