नसलेल्यांची पुस्तकं

आमच्या बुधवारच्या वाचनाचं असं आहे, पुस्तक एक संपतं आणि मागे चार गोष्टी उरतात. पुस्तक वाचनालयाच्या कपाटात परत जातं. उरलेल्या गोष्टींना कपाट नाही, म्हणून त्या माझ्याकडे साचत गेल्या. मी चारचौघांत फारशी बोलत नाही. पण मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आहे. वाचताना कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही, सगळ्यांचं लक्ष पुढे काय होतं तिकडे असतं.

मंडळी मोजकीच. जळगावच्या आमच्या वाचनालयात बुधवारी दुपारी बायकांची वेळ असते, तेव्हा मागच्या खोलीत सतरंजी टाकतात. आमच्या शेजारच्या शांताअक्का, माझ्या वर्गातली कुसुम, आणि शिंदखेड्याहून सून होऊन आलेल्या जिजावहिनी. जिजावहिनींना वाचता येत नाही, पण ऐकावं तर त्यांनीच.

* * *

ग्रंथपाल नाना पुस्तक देण्याआधी चाळून बघतात. मुलींना बहुधा संतचरित्र मिळतं, नाहीतर पाककृती. एकदा कुसुमने एक कादंबरी मागितली. नानांनी मधलंच पान उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं. यात प्रेमप्रकरण आहे, म्हणाले.

कुसुम म्हणाली, “पण नाना, तो माणूस नाहीच आहे. तिने तो मनाने तयार केलाय.”

नानांनी चष्मा पुसला आणि पुन्हा चार पानं वाचली. “म्हणजे हा कुठे राहत नाही?”

“नाही.”

“गाव, आडनाव, काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“मग न्या. नसलेल्या माणसाला माझी हरकत नाही!”

तेव्हापासून असं पुस्तक आलं की नाना ते आमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. ‘नसलेल्यांची पुस्तकं’ हे नाव त्यांचंच.

* * *

त्या पहिल्या कादंबरीतली बाई मोठ्या घरात एकटी राहते. मनातला माणूस संध्याकाळी येतो, तिच्याशी बोलतो, आणि ती रोज दोन ताटं वाढते. मी ते पान वाचत होते, तर जिजावहिनींनी हात वर करून मला थांबवलं आणि त्यांच्या अहिराणीत विचारलं,

“तो येस, बोलस, बठ्ठं खरं शे. पण जेवस का?”

मी मागची-पुढची पानं बघितली. तो जेवतो की नाही, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

“नाही जेवत,” शांताअक्का म्हणाल्या. “ताट तसंच राहतं. सकाळी ते आपणच खायचं.”

तुम्हाला कसं ठाऊक, असं त्यांना कोणी विचारलं नाही. आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं.

* * *

अक्कांचे यजमान दामूदादा स्वराज्य आलं त्या वर्षी घरातून निघून गेले. मी तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होते, आता नववीत आहे. भांडण झालं होतं म्हणतात. पत्र नाही, निरोप नाही. अक्कांच्या सासूबाईंना आम्ही सोनाकाकू म्हणतो. दामू बाहेर गेलाय, एवढंच त्या सांगतात. रोज त्याचं ताट वाढायला लावतात. उंबरठ्यातला खिळासुद्धा त्याला विचारल्याशिवाय काढत नाहीत.

दिवाळीआधी त्यांच्याकडे एक रंगारी येतो. पहिल्या वर्षी त्याने दामूदादांच्या खोलीला कोणता रंग द्यायचा ते विचारलं. सोनाकाकू म्हणाल्या, दामू येऊन सांगेल. तो कधी येणार, असं रंगाऱ्याने विचारलं. आज-उद्या, त्या म्हणाल्या.

आता तो रंगारी काही विचारत नाही. ती खोली सोडून बाकीचं घर रंगवतो.

* * *

कुसुमला ही पुस्तकं गोवराची साथ लागावी तशी लागली. मेहरूणच्या तळ्याकडे फिरायला गेलो की ती रस्त्याच्या कडेने चालायची आणि मध्ये एका माणसाची जागा सोडायची. मी पलीकडे. मग आमचं बोलणं ओरडून व्हायचं.

वर्गातही बाकावर तिने तशीच जागा धरली. पहूरची एक नवीन मुलगी शाळेत आली, तिला बसायला कुठे जागा नव्हती. बाईंनी कुसुमला विचारलं, ही जागा कोणाची? कुसुम म्हणाली, कोणाची नाही. मग हिला बसू दे, बाई म्हणाल्या.

ती मुलगी बसली. कुसुम उठली आणि भूगोलाचा तास संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. मला हसू आलं होतं, पण तिच्याकडे बघितल्यावर ते गेलं.

* * *

दिवाळीनंतर अक्कांचे भाऊ धुळ्याहून आले. अक्का व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास आहेत. धुळ्याला बायकांच्या ट्रेनिंगमध्ये जूनपासून त्यांना जागा मिळत होती. पुढे शाळेत नोकरी लागली असती. फक्त होकार संक्रांतीपर्यंत कळवायचा होता. भाऊंनी सगळं नीट समजावून सांगितलं. मी तेव्हा विरजण मागायला गेले होते, ते हातात घेऊन दारातच थांबले.

सोनाकाकू रागावल्या नाहीत. “जाऊ दे की. माझी ना नाही. दामूला विचारा म्हणजे झालं.”

भाऊ म्हणाले, “त्यांना कुठे विचारायचं?”

“आला की विचारा.”

भाऊंनी टोपी डोक्यावर घातली आणि दुपारच्या गाडीने परत गेले. अक्का भांडी घासायला बसल्या. एकच पातेलं त्या घासत राहिल्या.

* * *

पुढच्या बुधवारी नानांनी नवीन पुस्तक काढून ठेवलं होतं. त्यातल्या बाईला मागणी येते. ती तिच्या मनातल्या माणसाला विचारते, आणि तो नको म्हणतो. अक्कांनी मला ते पान पुन्हा वाचायला लावलं.

“म्हणजे तो तिला हवं तेच बोलतो,” त्या म्हणाल्या.

“हो तर,” कुसुम म्हणाली. “नाहीतर कशाला करायचा?”

“आमचा सासूबाईंना हवं तेच बोलतो.”

जिजावहिनी सतरंजीचा दोरा ओढत बसल्या. मी पान उलटलं.

* * *

संक्रांतीचं हळदीकुंकू सोनाकाकूंकडे दरवर्षी होतं. तिथे अक्कांचा उखाणा झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही अशी रीत आहे. बायका नवऱ्याचं नाव एरवी घेत नाहीत, उखाण्यातच घेतात. सोनाकाकू डोळे मिटून ते नाव ऐकतात. वर्षातून एकदाच त्या घरात दामूदादांचं नाव असं मोठ्याने, सगळ्यांसमोर घेतलं जातं.

यंदाही खोली भरली होती. वाण लुटून झालं. जिजावहिनींनी उखाणा घेतला, त्यात मोटेचं पाणी होतं, सगळ्या हसल्या. मग अक्कांची पाळी आली. होकार कळवायची मुदत संपत आली होती, हे मला आणि कुसुमला ठाऊक होतं. कुसुमने माझा हात घट्ट धरला.

अक्कांनी पदर सारखा केला.

“तिळाच्या हलव्याला काटा आला ताजा,
दामोदरराव म्हणाले, धुळ्याला जाऊन शीक, हुकूम आहे माझा.”

कोणी वाहवा केली नाही. तिळगुळाचे हात तिथल्या तिथे थांबले. सगळ्या सोनाकाकूंकडे बघत होत्या. तो असं म्हणाला नाही, एवढं एक वाक्य त्यांनी म्हणायचं होतं. पण मग तो कुठे आहे, हेही सांगावं लागलं असतं.

सोनाकाकूंनी डोळे उघडले.

“कधी बोलला?”

“काल संध्याकाळी,” अक्का म्हणाल्या. “ताट वाढलं तेव्हा.”

सोनाकाकूंनी हळदीकुंकवाचा करंडा उघडला, पुन्हा बंद केला. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की दाराशी बसलेल्यांना तो ऐकूही गेला नसेल.

“माझ्याबद्दल काही विचारलं का गं?”

अक्कांनी त्यांच्या दुमडलेल्या पायांकडे बघितलं. “विचारलं ना. आईचे गुडघे कसे आहेत, म्हणाले.”

“बरे आहेत म्हणावं,” सोनाकाकू म्हणाल्या, आणि अक्कांच्या कपाळाला कुंकू लावलं.