तेल लावलेलं जस्त

शिवणकामात माझा हात असा चालायचा की, रुमाल शिवायला घेतला तर त्याचा हातमोजा व्हायचा. म्हणून शिवणीची मला धास्ती. लोणावळ्याच्या आमच्या शाळेत वरच्या वर्गात मुली पाचच. मागल्या भेटीत तपासनीस साहेब सांगून गेले होते, "मुलींना हे रसायन-बिसायन कशाला? त्या तासाला शिवण द्या."

आमचे गुरुजी हट्टी. म्हणाले, "पुढच्या खेपेला प्रयोग मुलगीच करून दाखवील, साहेब. फसला, तर दुसऱ्या दिवसापासून पाचही जणींच्या हातात सुई देतो."

ती मुलगी म्हणजे मी. का, तर माझा आवाज मोठा होता. अक्कल कुणी मोजली नव्हती.

प्रयोग सोपा होता. काचेच्या बाटलीत जस्ताचे तुकडे टाकायचे, वर पाणी मिसळून सौम्य केलेलं गंधकाचं तेजाब ओतायचं. फसफसून बुडबुडे येतात, तो हायड्रोजन. तो नळीत धरायचा आणि नळीच्या तोंडाशी जळती काडी न्यायची. फट्!

आदल्या संध्याकाळी गुरुजींनी जस्ताचे सहा तुकडे पुडीत बांधून माझ्या स्वाधीन केले. घरी येऊन पुडी सोडली, तर तुकडे राखाडी, मलूल. पावसाळ्याचे दिवस, आमच्याकडे तेव्हा चपलांनासुद्धा बुरशीची मिशी फुटते. असलं मळकट जस्त साहेबांपुढे ठेवायचं? मी चिंच घेऊन बसले आणि देवाची भांडी घासावीत तसे तुकडे लखलखीत केले. एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते! पण पावसात गंज चढू नये म्हणून आई विळीला तेल चोळायची, ते मला आठवलं. मी जस्तालाही खोबरेल चोळलं. हात सढळ होता माझा.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत, बाकांवर सगळा वर्ग, शेवटच्या बाकावर आम्हा पाचांतल्या उरलेल्या चौघी जीव मुठीत धरून. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "आता पाहा!" आणि तेजाब ओतलं.

सगळ्यांनी पाहिलं. बाटलीत काहीही होत नव्हतं.

एक बुडबुडा वर आला आणि लाजून थांबला. मागून एक मुलगा म्हणाला, "झोपलंय वाटतं." साहेबांनी घड्याळ काढलं. गुरुजी माझ्या कानाशी आले, "काय केलंस?"

"काही नाही, गुरुजी. नुसतं तेल लावलं."

"तेल?"

"थोडंसंच."

साहेबांच्या चहासाठी मागच्या पडवीत चूल पेटली होती. शाळेचं पाणी भरणाऱ्या, जवळच्या कुरवंडे गावच्या मावशी कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "आगं, मग राखंनं घास की! तेलकट भांडं कवा घासलं न्हाईस व्हय? लय शिकलीस!"

गुरुजींनी चिमट्याने तुकडे काढून पाण्यात खळबळले, बाटली रिकामी केली. मावशींनी साहेबांना चहा दिला आणि मला चुलीतली राख. भर वर्गात, साहेबांच्या देखत, मी उकिडवी बसून जस्त घासलं, धुतलं, पुन्हा बाटलीत टाकलं. या वेळी तेजाब पडताच असं फसफसलं की मागच्या बाकावर टाळी पडली. नळी भरली, काडी नेली. फट्! साहेबांच्या बशीत चहा सांडला.

रुमालाने हात पुसत त्यांनी विचारलं, "बाटलीत आता काय उरलं?"

"जस्ताचा क्षार, साहेब. पाण्यात विरघळलेला."

"आणि आधी का नाही झालं?"

पाठ केलेलं तिथे संपलं होतं. मी म्हटलं, "तेल आडवं आलं, साहेब. विळीला लावलं की पाणी लोखंडाला शिवत नाही, तसं तेजाब जस्ताला शिवलंच नाही."

साहेबांनी कपबशी बाजूला ठेवली. मग शेऱ्याची वही मागवून त्यांनी सावकाश लिहिलं आणि गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवलं: "मुलींनी विज्ञान अवश्य शिकावे." मी उडीच मारली. "थांब," गुरुजी म्हणाले, "पुढे आहे. 'शाळा सुटल्यावर शिवणही शिकावी.'"

वर्षाअखेर माझा एक रुमाल कसाबसा तयार झाला. तो मी गुरुजींना दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, कुठली बाजू कुठली ते त्यांना कळेना, आणि तापलेली नळी धरायला प्रयोगाच्या कपाटात ठेवून दिला.