कमानीखालचं पाणी

मी तेव्हा नागपुरात हुडकेश्वर पोलीस ठाण्याचा अधिकारी होतो. काटोलकडचा एक संत्रा बागायतदार सकाळीच ठाण्यात आला. त्याची मुलगी आणि जावई आमच्या हद्दीत, हुडकेश्वरला राहायचे. दोघं कोकणात समुद्रातली खडकाची नैसर्गिक कमान बघायला गेले आणि जावई एकटाच परतला. ती पाय घसरून वाहून गेली, असा जबाब त्यानं तिकडच्या पोलिसांना दिला होता. मृतदेह सापडला नव्हता.

"साहेब, काल मले एक फोन आला. कोणी बोललं नाही, पण पोरगीच होती. लहानपणापासून दमा आहे तिले. तिचा श्वास मी ओळखतो."

बापाची वेडी आशा, असं हवालदार पुटपुटला. मी त्याला गप्प केलं. तो नंबर बंद लागत होता. कोणाच्या नावावर आहे ती माहिती मागवली आणि जावयाला चौकशीला बोलावलं.

गडी मोठा गोडबोल्या. सकाळी वाळूवरून चालत कमानीपर्यंत गेलो, म्हणाला. ती पडल्यावर, "मी सांज होईपर्यंत कमानीखाली उभा राहून शोधून राहिलो होतो, साहेब." मला ते पटलंही. आम्हा नागपूरकरांना पाणी म्हणजे तलाव, सकाळी जिथं तिथंच संध्याकाळी. तरी खात्री करावी म्हणून तिकडच्या ठाण्याला विचारलं. तिथला अंमलदार हसलाच. त्या दिवशी दुपारनंतर भरती होती, कमानीखाली माणूस बुडेल एवढं पाणी. हा उभा कुठं राहिला?

हे समोर ठेवताच जावयानं खरं काय ते कबूल केलं. खडकावर भांडण झालं, त्यानं तिला मारलं आणि तिथंच सोडून निघाला. मागं वळून पाहिलं तर तिच्या चहूबाजूंनी पाणी. आणि हा पळाला.

तेवढ्यात नंबरची माहिती आली. फोन कमानीजवळच्या गावातल्या एका कोळणीचा होता. तिकडच्या पोलिसांची गाडी तिच्या घराकडे निघाली. बाप बाकावर बसून, हातातला चहा गार झालेला. माझंही कशात लक्ष लागेना.

पोरगी जिवंत होती. मासेमारीच्या होडीनं तिला खडकावरून उचललं होतं, कोळणीनं घरी ठेवून घेतलं होतं. मी बापाच्या हाती फोन दिला, तर ती बोलेचना. बापानं मान खाली घातली. मार खाऊन ती आधीही माहेरी आली होती, आणि त्यानंच समजूत घालून परत पाठवली होती.

"नाही पाठवत आता तुले, बेटा," तो म्हणाला.

बराच वेळ नुसता श्वास. मग आवाज आला, "नक्की, बाबा?"

जावयावर गुन्हा दाखल झाला. पण मी शिकलो ते त्या दोन शब्दांतून. त्यानंतर मार खाऊन ठाण्यात आलेल्या कुठल्याही बाईला 'घरी जाऊन मिटवा' असं मी कुणाला म्हणू दिलं नाही.