अंतरपाटापाशी बंद पडणारा कम्प्युटर

मी लग्नांचे व्हिडिओ करतो. शूटिंग मीच करतो आणि रत्नागिरीतल्या घराच्या मागच्या खोलीत बसून ते कापून-जोडून त्याची फिल्मही मीच बनवतो. पूर्वी लोक याला कॅसेट म्हणायचे, तेव्हा मी स्वतःला फोटोग्राफर समजायचो. आता लोक फिल्म म्हणतात, त्यामुळे मला आपण दिग्दर्शक असल्यासारखं वाटायला लागलं आहे. पुढे जे झालं त्याचं मूळ बरंचसं यातच आहे.

त्या उन्हाळ्यात पूर्णगडचं एक लग्न केलं. मुलीच्या घरची होडी, मासळीचा धंदा. मुलगी हर्ण्याला दिली होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिची आई बाजाराला म्हणून रत्नागिरीत आली आणि तशीच आमच्याकडे आली. साधारण माझ्याच वयाची बाई. मी त्यांना ताई म्हणत होतो आणि त्या मला दादा. माझ्या बायकोसाठी त्यांनी घरचे सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणले होते.

"झाली काय ओ दादा फिल्म?"

"होत आलीय. बसा, थोडी दाखवतो."

खरं तर अर्धवट काम कोणाला दाखवायचं नाही असा माझा नियम आहे. पण या लग्नावर मी फार मेहनत घेतली होती आणि कोणीतरी ती बघावी असं मला वाटत होतं. हळद झाली, वरात आली, मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींचा आवाज चढला, दोघांच्या मध्ये अंतरपाट धरलेला, आणि आता तो खाली येणार तेवढ्यात स्क्रीन काळी झाली.

"लाइट गेली?" ताईंनी विचारलं.

लाइट गेली नव्हती. वर पंखा व्यवस्थित फिरत होता. मी कम्प्युटर परत चालू केला, परत तिथपर्यंत आलो आणि परत तेच झालं. टेबलाखालून तापलेल्या धुळीचा वास यायला लागला. मी हसत म्हटलं, "गरम होतोय जरा. मे महिना आहे ना."

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला तेवढंच बगायचं होतं." मग त्यांनी सांगितलं की मंगलाष्टकं चालली होती तेव्हा त्या हॉलच्या मागच्या दारी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांच्याकडे मुलीच्या आईने लग्न लागताना बघायचं नसतं. "आवाज आयकला सगळा. टाळ्या, वाजंत्री. पण पोरीचं लग्न लागलेलं मी बगितलंच नाय."

मी त्यांना पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. त्या गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्या बिचारीची पोर अजून बोहल्यावरच उभी आहे."

बायको शाळेत शिकवते. मे महिन्यात तिला सुट्टी असते आणि मला लग्नसराई, त्यामुळे या महिन्यात ती माझ्याकडे जरा जास्तच लक्ष देते.

दुसऱ्या दिवशी मी कम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "किती वर्षांत उघडून साफ केला नाही? इथल्या खाऱ्या हवेत धूळ चिकटून नुसता नमदा होतो. साफ करा, प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदला आणि मोठा पंखा टाका. भागेल."

हे उत्तर मला अपमानास्पद वाटलं. दिग्दर्शकाचा कम्प्युटर नुसता झाडूने बरा होतो हे पटेना. घरी येऊन मी इंटरनेटवर बघायला बसलो आणि तिथे मला वॉटर कूलिंग सापडलं. काचेची पेटी, आत निळा प्रकाश, पारदर्शक नळ्या आणि त्यांतून खेळणारं रंगीत पाणी. तत्त्व साधंच आहे. प्रोसेसरवर धातूची एक चकती बसते, पाणी तिच्यातून उष्णता घेऊन नळीने रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे त्याला गार करतात आणि ते परत येतं. गाडीत असतं तसंच. पण गाडीत ते बॉनेटखाली झाकलेलं असतं आणि इथे आल्यागेल्याला दिसतं, हा मला त्याचा मुख्य फायदा वाटला.

मग काही दिवस मी त्यातला जाणकार झालो. नळ्या कडक घ्याव्यात की मऊ, पंप कुठे असावा, पाण्याला रंग कोणता. जेवताना मी बायकोला प्रवाहाचा वेग समजावून सांगत असे. ती ऐकून घेत असे. एकदा तिने विचारलं, "हे पाणी बदलावं लागतं का?"

"वर्षातून एकदा. शेवाळ धरू नये म्हणून."

"गच्चीवरची टाकी तुम्ही शेवटची कधी धुतलीत?"

या प्रश्नानंतर मी सुट्या नळ्यांचा नाद सोडला आणि कंपनीतूनच पाणी भरून, सील करून येणारा तयार संच मागवायचं ठरवलं. त्यातही दोन पंख्यांचा पुरत होता. मी तीन पंख्यांचा घेतला. का, ते मला आजही सांगता येणार नाही. निळे दिवे दोन्हीत होते.

संच आला त्या दिवशी सकाळीच मी टेबल मोकळं केलं. कम्प्युटरची पेटी उघडली तर आत खरोखरच नमदा होता. पंख्याच्या पात्यांवर आणि त्याखालच्या पत्र्यांत राखाडी, ओलसर लोकर जमल्यासारखी धूळ. मी ती घाईघाईने ब्रशने काढली, बायकोने बघू नये म्हणून. जुना पंखा काढला. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. म्हणजे दुकानदाराचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं, पण आता नवं यंत्र समोर असताना त्याचं काय करायचं.

रेडिएटर वर बसवायला गेलो तर तो पेटीपेक्षा लांब निघाला. मी माप घेतलं नव्हतं, नजरेने अंदाज केला होता. लग्नाच्या हॉलात कॅमेरा कुठे लावायचा हेही मी नजरेनेच ठरवतो आणि सहसा चुकत नाही. शेवटी तो पुढच्या बाजूला उभा बसला, पण त्यासाठी हार्ड डिस्कचा पिंजराच काढावा लागला. कित्येक जोडप्यांची लग्नं ज्यांत साठवली होती त्या डिस्का मी दिवाळीच्या फराळाच्या रिकाम्या डब्यावर मांडून ठेवल्या आणि वायरी बाहेरून ओढून घेतल्या.

"हे असंच राहणार?" बायकोने विचारलं.

"तात्पुरतं आहे," मी म्हटलं. डबा अजून तिथेच आहे.

चकतीला नवी पेस्ट लावली, ती प्रोसेसरवर ठेवली, चारी स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने आवळले. व्हिडिओत सांगतात तसं, एक या टोकाचा, मग समोरच्या टोकाचा. बटण दाबलं. तिन्ही पंखे निळे होऊन फिरायला लागले. खोलीत समुद्राखाली असल्यासारखा उजेड पडला. मी बायकोला हाक मारली, तीही म्हणाली की छान दिसतंय. मग मी ताईंच्या मुलीचं लग्न लावलं.

या खेपेस कम्प्युटर अंतरपाटापर्यंतही पोचला नाही. हळदीतच गेला.

परत लावला, हळदीच्याही आधी गेला. सगळं परत तपासलं. पंप चालू होता, पंखे चालू होते, वायरी जागच्या जागी होत्या. म्हणजे मालच खराब. मी दुकानदाराला फोन लावला. संच मी त्याच्याकडून घेतला नव्हता, तरी त्याला विचारायचा हक्क आहे असं मी धरून चाललो होतो. त्याने शांतपणे विचारलं, "चकतीच्या खालची प्लास्टिकची फिल्म काढलीत ना?"

"अहो, मी काय आज कम्प्युटर बघतोय?" मी म्हटलं. "ते तर पहिलं काढलं."

फोन ठेवला. मग स्क्रूड्रायव्हर घेतला. बायको दारात उभी होती. मी चकती उचलली. खाली पारदर्शक प्लास्टिक होतं, त्याला ओढायला लाल शेपटी होती आणि त्यावर इंग्रजीत छापलं होतं की बसवण्यापूर्वी हे काढा. त्या प्लास्टिकवर मी फार निगुतीने, चारी बाजूंना सारखी पेस्ट पसरवली होती.

बायको जवळ आली. तिने चष्मा लावून ते छापलेलं वाचलं, शाळेत पेपर तपासताना वाचते तसं, आणि चहा ठेवायला गेली. मी प्लास्टिक काढलं, सगळं पुसलं, पुन्हा पेस्ट लावली आणि बसवलं. या खेपेस फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार झाली आणि कम्प्युटर कोमटसुद्धा झाला नाही. दुकानदाराचा पुढे फोन आला तेव्हा मी त्याला स्क्रू सैल राहिला होता असं सांगितलं.

ताई ठरल्याप्रमाणे आल्या. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, पडदे ओढले, निळा उजेड दिसेल अशी पेटी वळवून ठेवली. बायकोही येऊन बसली. मंगलाष्टकं सुरू झाली तशा ताई पुढे सरकल्या. भटजींनी 'सावधान' म्हटलं, अंतरपाट अगदी सावकाश, लाटेसारखा हलत खाली येऊ लागला, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या, आणि पाकळ्यांतून दृश्य बदलून ड्रोनमधून पूर्णगडचा किल्ला आणि समुद्र दिसला. या जागेचा मला विशेष अभिमान होता, आणि कम्प्युटरला नेमकी हीच झेपत नव्हती.

"पडला काय अंतरपाट?" ताईंनी विचारलं.

"पडला की."

"कधी?"

मी मागे नेऊन परत दाखवलं. त्या डोळे बारीक करून बघत होत्या. "ही फुलं कुणी टाकली? हॉलात तर अक्षता होत्या."

"ती नंतर घातलीत. कम्प्युटरने."

"मग ती काढा ना. पोरगी दिसत नाय."

मी म्हटलं की काढायला वेळ लागेल, सगळं परत बनवावं लागेल. तेव्हा बायको म्हणाली, "कॅमेऱ्यात जसं आलं तसं असेल ना तुमच्याकडे?"

होतं. फराळाच्या डब्यावरच्या डिस्कमध्ये होतं. मी ते लावलं. संगीत नाही, पाकळ्या नाहीत, मध्येच कोणाचा तरी मोबाइल धरलेला हात. अंतरपाट एका झटक्यात खाली आला. मुलीने नवऱ्याकडे बघितलंच नाही. तिने मान वळवून बाजूला, मागच्या दाराकडे बघितलं. मग एक अक्षता डोळ्यात गेली आणि ती डोळा चोळत हसायला लागली. नवरी कॅमेऱ्याकडेही बघत नाही आणि नवऱ्याकडेही नाही, म्हणून हा तुकडा मी पहिल्याच दिवशी बाद केला होता.

"मी तिकडेच होते," ताई म्हणाल्या. "त्या दाराच्या मागे."

त्यांनी ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. पदराने डोळे पुसले आणि मोबाइल पुढे केला. "एवढंच घाला यात."

मी घालत असताना त्या सहज म्हणाल्या, "हे होतंच तर मग त्या दिवशीच नाय काय दाखवायचं?"

त्यात टोचणी नव्हती, त्यांना खरंच कळत नव्हतं. तो तुकडा दाखवायला कम्प्युटरसुद्धा लागला नसता, कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवरही दिसला असता. मी सुचेल ते बोललो, की कम्प्युटर तापत होता, त्याला पाणी बसवत होतो. ताईंनी निळ्या पेटीकडे बघितलं आणि समजल्यासारखी मान हलवली. बायको कपबशा गोळा करून आत गेली आणि आत गेल्यावर हसली, ते मला ऐकू आलं.

पाकळ्यांची फिल्म मुलीच्या सासरी गेली. मला वाटलं होतं तिथूनही काही ऐकावं लागेल. पण हर्ण्याच्या मंडळींना ती फार आवडली. त्यांनी धाकट्या मुलाच्या लग्नाचं कामही मलाच दिलं, आणि सासऱ्यांनी फोनवर मुद्दाम सांगितलं की या खेपेस फुलं जरा जास्त टाका.