मनवेलकाकांची किळस

मनवेल डाबरे आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बसलेच नाहीत. मी दिलेला पाण्याचा पेला त्यांनी उजेडात धरला, नाकाशी नेला आणि तो तसाच हातात घेऊन ते सरळ आमच्या बाथरूममध्ये गेले. जाळीवर वाकून त्यांनी एक श्वास घेतला. तिथूनच आवाज आला, "शीऽऽ! बाय, ह्या मोरीत काय मेलंय? वर दुसऱ्या मजल्यावर माझ्या नाकात येऊन बसलंय ते." ओळख झाली ती अशी. नाव त्यांनी नंतर सांगितले. दुसऱ्या दिवशी ते फिनेलची बाटली घेऊन आले आणि मी ती पूर्ण ओतेपर्यंत नाक धरून माझ्या डोक्यावर उभे राहिले.

नव्वदचे दशक संपत आले होते. आम्ही नुकतेच कल्ब्याला राहायला आलो होतो. फुजैराला लागून असलेले, समुद्रकाठचे ते लहानसे गाव. मी फुजैरातल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल होते. माझे यजमान सुहास दुबईत नोकरीला. आठवडाभर ते शारजात, अल नहदाला मित्रांबरोबर फ्लॅट शेअर करून राहत आणि सुट्टीला डोंगर ओलांडून घरी येत. आम्ही तळमजल्यावर होतो. मनवेलकाका मूळचे वसईचे, समुद्रावरच्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. बायको रेजिना आणि मुले वसईला. काका वरच्या फ्लॅटमध्ये एकटे.

त्यांच्या 'शी'चे प्रकार मला हळूहळू कळू लागले. धुळीला एक तुटक 'शी'. बेसिनमधल्या केसाला लांबलेली. माणसांसाठी मात्र ते तोंड उघडत नसत. नुसत्या नाकपुड्या आकसत. अत्तराचा त्यांना तिटकारा. "अत्तर म्हणजे न केलेली आंघोळ," असे ते म्हणत. लिफ्टमध्ये, बसमध्ये, चर्चमध्ये कुणी फार घमघमत आले की ते उघडपणे चार पावले बाजूला होत.

एकदा हॉटेलच्या लॉबीत एका पाहुण्याचे पोर ओकले. मॅनेजर त्या बाईंना हसून "नो प्रॉब्लेम मॅडम, नो प्रॉब्लेम" म्हणाला आणि पाठ वळताच सफाईवाल्याच्या अंगावर ओरडला. मनवेलकाकांनी मॉप स्वतः हातात घेतला. पुसून झाल्यावर त्या बाईंना म्हणाले, "मॅडम, आपके बच्चे ने बहुत गंदा किया. अभी पेट ठीक है उसका?" ती बाई आधी चपापली, मग हसत सुटली आणि पोराला घेऊन त्यांच्याशीच बोलत बसली. मला हे सांगताना काका म्हणाले, "उलटीची किळस आली मला, येणारच. पण त्या मॅनेजरची आली ना, ती जेवताना पण गेली नाही."

काही वर्षांनी मी अण्णांना, माझ्या वडिलांना, व्हिजिट व्हिसावर घेऊन आले. आई आधीच गेली होती. अर्धांगवायूने अण्णांची उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणे जड झाले होते, पण डोके लख्ख. जन्मभर हायस्कुलात शिकवलेला माणूस. धोतराला कधी डाग नाही, खडूचे हात सदऱ्याला कधी पुसले नाहीत. आता त्यांचे सगळे अंथरुणात होई. बिजू नावाचा एक केरळी माणूस सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांना स्वच्छ करून जायचा. मी करते म्हटले तर अण्णा डोळे मिटून घेत. "मुलीनं बापाचं हे बघायचं नसतं," एवढेच म्हणत. मनवेलकाका संध्याकाळी येऊन त्यांच्याशी वाद घालत. ते त्यांना मास्तर म्हणत आणि अण्णा त्यांना डाबरे.

त्या जूनमध्ये ओमानच्या बाजूने चक्रीवादळ येत असल्याच्या बातम्या सुरू झाल्या. आमच्याकडे कुणी फारसे मनावर घेतले नाही. इथे वादळ म्हणजे धूळ. आदल्या संध्याकाळी लोक गाड्या भरभरून लाटा बघायला किनाऱ्यावर गेले, लाटेपुढे पोरांना उभे करून फोटो काढत होते. मनवेलकाका ड्यूटीवर जाताना डोकावले, म्हणाले, "शी. समुद्र ओकायला लागलाय आणि हे लोक शावर्मा खात बघतायत. बाय, मास्तरांना वर हलवू या का आज?" अण्णाच नको म्हणाले. काका हॉटेलात गेले. तिथे खालच्या खोल्यांमधल्या गाद्या वर न्यायच्या होत्या.

सकाळी समुद्र रस्ता ओलांडून आत आला. वारा मी समजत होते तेवढा नव्हता. जे होते ते पाणी होते. आमच्या गल्लीत तेव्हा ड्रेनेजची लाइन नव्हती. इमारतीखाली टाकी होती आणि ती उपसायला टँकर यायचा. समुद्राचे पाणी त्या टाकीत शिरले आणि ज्या जाळीवर वाकून मनवेलकाकांनी आमची ओळख करून घेतली होती, ती जाळी उचलली गेली. खालून जे वर आले त्याचे वर्णन मी आजवर टाळत आले आहे. काळे, दाट, कोमट. साऱ्या इमारतीच्या पोटातले. त्यावर कुणाच्या तरी चपला, भिजलेले पाव, कांद्याची साले. भिंतीवरून झुरळे ओळीने वर चालली होती. वीज गेली. पोलिसांची गाडी भोंग्यावरून अरबीत आणि उर्दूत सांगत गेली, खालच्या मजल्यांवर थांबू नका.

सुहासचा फोन आला, "रस्ता बंद केलाय. डोंगरातल्या कोरड्या ओढ्याला पूर आलाय, पोलीस कुणालाच सोडत नाहीयेत." बिजू आला नाही, येणे शक्यच नव्हते. अण्णा पहाटेपासून तसेच होते. त्यांनी डाव्या हाताने चादर गळ्यापर्यंत ओढून मुठीत धरली होती. मी जवळ गेले की म्हणत, "तू वर जा. मला हात लावू नकोस." पाणी पलंगाच्या पायांना लागले, मग वर चढू लागले. मी "काही नाही हो अण्णा, काही झालेलं नाही" म्हणत राहिले. चादर ओढायला गेले तर त्यांनी माझा हात झिडकारला. एका हाताचा तो माणूस, पण त्या मुठीत काय जोर होता!

मी जिन्यात जाऊन हाका मारल्या. पहिल्या मजल्यावरचे, सदा अत्तरात घमघमणारे देशपांडे आणि वहिनी खाली आले, पाण्याच्या वरच्या पायरीवर थांबले. तिथून आमच्या उघड्या दारातून पलंग दिसत होता. वहिनींनी ओढणीचे टोक नाकाशी धरले होते. गोड आवाजात म्हणाल्या, "अण्णा, अजिबात मनाला लावून घेऊ नका हं. आम्हाला कसलाही वास येत नाहीये." देशपांडे म्हणाले, "यू आर लाइक माय फादर, अंकल." आणि दोघे पायरीवरच उभे राहिले. अण्णांनी डोळे मिटले. चेहरा भिंतीकडे वळवला आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले, "मला इथंच राहू दे." आजाराने बोलणे जड झाल्यापासून इतके स्पष्ट वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. त्या काळ्या पाण्याची मला किळस आली होतीच. पण 'वास येत नाहीये' ह्या तीन शब्दांची जी आली, ती आजही घशाशी येते.

मनवेलकाका त्या वेळी आले. हॉटेलातून चालत, पँट गुडघ्यावर गुंडाळलेली, पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. देशपांड्यांना बाजूला सारून ते आमच्या दारात आले, आणि थबकले.

"शीऽऽऽ! मास्तर! काय हे! मेलेला मासा बरा हो!"

अण्णांनी डोळे उघडले. "डाबरे, बाहेर व्हा."

"होणारच आहे. इथं कोण उभं राहणार? तुम्हाला घेऊन होतो बाहेर." एवढे बोलून ते खरोखरच वळले आणि दाराच्या कडेला ओकले. मोठ्याने, काही न लपवता. तोंड पुसले आणि परत आत आले. "बघा, माझी सकाळची चहा-खारी गेली तुमच्यामुळे."

"मग आलात कशाला?"

"मग कोण येणार? ती जिन्यातली अत्तराची बाटली?"

अण्णांनी चादर आणखी वर ओढली. मग फार हळू म्हणाले, "लाज वाटते हो मला."

"वाटू दे ना. तुम्हाला लाज वाटतेय, मला किळस वाटतेय. दोघं मिळून वर जाऊ. यल्ला, चला, तो हात द्या, चालतो तो."

आणि अण्णा हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, वाकडे, पण हसले. मुठीतली चादर सुटली.

"बाय," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही माझी चावी. वर जा आणि गॅसवर पाणी ठेव. मोठं पातेलं. आणि माझा लाल साबण काढून ठेव. मागे वळून बघायचं नाही. मास्तरांना आवडत नाही."

मी वर गेले. मागून जिन्यात काकांचा धापा टाकणारा आवाज ऐकू येत होता. अण्णांना पाठुंगळी घेऊन ते एकेक पायरी चढत होते आणि प्रत्येक पायरीवर तक्रार करत होते. "शी, माझ्या मानेवर आलं. शी, मास्तर, काय खाल्लं होतं काल?" अण्णा म्हणत होते, "हळू, गाढवा, पाडशील." "गाढव तर गाढव, पण ओझं बघा कसलं!" पहिल्या मजल्यावर देशपांड्यांचे दार एव्हाना बंद झाले होते. फटीतून उदबत्तीचा वास येत होता.

बाथरूमचे दार लावून काकांनी अण्णांना न्हाऊ घातले. मी बाहेर गरम पाण्याचे पातेले ठेवायची आणि बाजूला व्हायची. आत दोघे भांडत होते. बऱ्याच वेळाने काकांच्या पांढऱ्या लेंग्यात, केस विंचरलेले, लाल साबणाचा उग्र वास येणारे अण्णा बाहेर आले. दोन्ही काखांत हात घालून काकांनी त्यांना कॉटवर बसवले. मग स्वतः आत जाऊन आंघोळ करू लागले, आणि इतका वेळ घासत राहिले की मला भीती वाटली.

पाणी ओसरेपर्यंत आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. रेजिनामावशींनी पाठवलेली सुकी मासळी, सुकट आणि बोंबील, स्वयंपाकघरात दोरीला टांगलेली होती. बंद खिडक्यांत, विजेशिवाय, तिला काय वास सुटला होता! अण्णा जन्माचे शाकाहारी. कॉटवर पडल्या पडल्या त्यांनी नाकाला चादरीचे टोक लावायला हात नेला, मग तो हात खाली घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "शीऽऽ! डाबरे, काय हा वास! माणसाचं घर आहे की बंदर?"

मनवेलकाकांचा चेहरा उजळला. "फिट्टंफाट, मास्तर! आता कसं फिट्टंफाट झालं!"

पाणी गेल्यावर आम्ही खाली उतरलो. माझी पुस्तके फुगून, काळी पडून, एकमेकांना चिकटली होती. मी एक उचलले तर ते हातात लगदा होऊन आले. ती घाण काढायला मला पुष्कळ दिवस लागले. देशपांडे वहिनी वरूनच विचारत, "काही मदत हवी का गं?" त्यांना उत्तर देण्याइतकाही गोडवा माझ्यात उरला नव्हता.

अण्णांना मी त्यानंतर भारतात परत नेले. वर्षभराने ते गेले, झोपेत, स्वच्छ चादरीवर. मनवेलकाकांचे हॉटेल दुरुस्तीसाठी बंद झाले ते त्यांच्यापुरते बंदच राहिले. त्यांनी दुबई मरीनाला एका टॉवरच्या सफाईचे काम धरले आणि राहायला आले अल नहदाला, आमच्याच रस्त्यावर. कारण आम्हीही तोवर तिथे आलो होतो. संध्याकाळी येत. मोरी आधी बघत, मग बसत. मरीनाबद्दल विचारले की नाकपुड्या आकसत. "काच पुसतो दिवसभर. बाहेरून चकाचक. आतले लोक एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणतात. बस्स, खलास."

मग त्यांचे पोट दुखू लागले. तपासणी झाली, ऑपरेशन झाले, ते वसईला गेले. गेल्या वर्षाच्या शेवटी तिथेच वारले.

दुबईत ऊद मेथाच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्साची प्रार्थना झाली. नंतर बाहेर उभे राहून लोक त्यांच्याविषयी बोलले. ते मृदुभाषी होते, असे एक जण म्हणाला. कुणाला कधी दुखवले नाही, असे दुसरा. देशपांडेही आले होते; त्यांना तर गहिवरून आले. म्हणाले, "डाबरे वॉज सो स्वीट." त्यांच्या कोटाला अत्तराचा भपकारा येत होता. मी चार पावले बाजूला झाले.

मला त्यांना शेवटचे पाहिलेले आठवत होते. मी रजेवर असताना वसईला त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या पोटाला शौचाची पिशवी लावलेली होती. खोलीत शिरताच तो वास अंगावर आला, आणि त्याच्यावर फवारलेल्या गुलाबाचा आणखी एक वास. पलंगाभोवती शेजारी, नातलग. "कसे फ्रेश दिसताय," कुणी म्हणत होते. "आता लवकर बरे होणार." मनवेलकाका भिंतीकडे तोंड करून पडले होते. चादर गळ्यापर्यंत ओढलेली. ती त्यांनी मुठीत धरली होती.

ती मूठ मी ओळखली.

मी आयुष्यात कुणाला मोठ्याने वाईट बोललेले नाही. ग्रंथालयातल्या माणसाचा आवाज चढत नाही. तरी मी पलंगाजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "शीऽऽ! मनवेलकाका! काय हा घाण वास!"

रेजिनामावशी उठून उभ्या राहिल्या. काकांनी मान वळवली. गाल आत गेले होते, डोळे पिवळे. माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"गुलाब आहे तो," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "सकाळपासून मारतायत. मला ओकारी येतेय त्याची. खिडकी उघड. आणि ही सगळी माणसं बाहेर काढ."

मी खिडकी उघडली. माणसे आपणहून गेली. काकांनी मुठीतली चादर सोडली.

"मावशी," मी बाह्या वर सारत विचारले, "ह्यांचा लाल साबण कुठे ठेवलाय? आणि पाणी ठेवा गरम करायला. मोठं पातेलं."