हॉलमधली गुलाबी फुलं

स्वतःची खुर्ची उचलून दुसऱ्याच्या घरी पोचवणारा माणूस पाहिलाय कधी? नसेल तर बघून घ्या, समोरच बसलाय. चहा घ्या, सांगतो.

सौदीत अल-खोबरला आमच्या प्लांटवर तनाकासान म्हणून जपानी साहेब होते. त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आम्हा तिघांतलाच एक बसणार होता: मी, कोट्टायमचा थॉमस किंवा लाहोरचा इम्रान. इतकी वर्षं इथली वाळू खाल्ली, आता आपलाच नंबर, असं मी धरून चाललो होतो. मेधा, माझी बायको, तर घरात मला आधीच 'साहेब' म्हणायला लागली होती.

एक दिवस साहेबांनी तिघांना भिंतीवर टांगायची एकेक जपानी चित्रगुंडाळी दिली. मला पाइन, इम्रानला बांबू, थॉमसला प्लमचा फुलोरा. तोंडातून अवाक्षर नाही. नुसते वाकले.

घरी येऊन उलगडली. काळ्या शाईतलं म्हातारं, वाकडं झाड. ना फूल, ना फळ.

"हे हॉलमध्ये?" मेधा म्हणाली. "दिवाळीला लोक येतील आणि विचारतील, घरात कोण आजारी आहे."

थॉमसची गुलाबी फुलं मात्र आमच्या सोफ्याला अगदी मॅच होत होती. गेलो त्याच्याकडे.

"भाई, साब ने ये तुमको दिया है," तो बिचारा म्हणाला.

"अरे, कागज ही तो है. यल्ला, बदल डाल."

बरं, गप्प तरी बसावं? निरोपाच्या जेवणात मीच ऐटीत सांगितलं, "सर, तुमचं पाइन मी थॉमसला देऊन टाकलं." साहेबांचे डोळे भरून आले. उठून माझ्यासमोर कमरेत वाकले. मीही वाकलो. म्हटलं, झालं आपलं काम.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर आली. थॉमसच्या नावाची.

तणतणत केबिनमध्ये गेलो. तनाकासान हळूच म्हणाले, "आमच्याकडे हॉटेलातल्या थाळ्यांनासुद्धा हीच नावं असतात. पाइन सगळ्यात वरची, मग बांबू, शेवटी प्लम. पाइन कितीही बर्फ पडलं तरी हिरवं राहतं. खुर्ची तुमचीच, हे मला तोंडानं सांगवेना, म्हणून चित्र दिलं. तुम्ही ते मित्राला दिलंत. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही."

आता या माणसाला सोफ्याचं कसं सांगणार? पुन्हा वाकलो आणि बाहेर आलो.

हल्ली रजेच्या सहीसाठी थॉमससमोर उभा राहतो. त्याच्या डोक्यामागे माझं झाड. जीव जळतो हो, खोटं कशाला बोलू. मेधाला यातलं अजून काही सांगितलेलं नाही.

परवा तिनं सोफा बदलला. हिरवा आणला. लांबून बघितलं, मान तिरकी केली आणि म्हणाली, "यावर ते पाइनच शोभलं असतं. थॉमसकडून परत आणा ना. कागदच तर आहे."